‘रथचक्र’ : कादंबरी, नाटक आणि अस्सल कागद

(१)

ऐतिहासिक कागदपत्रांस वाहिलेल्या या त्रैमासिकात एका नाटकाचे परीक्षण पाहून आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. सनदा, महजर, निवाडे आणि शकावल्या यांवर स्थिरावलेल्या दृष्टीस रंगभूमीवरील दिवे सहसा मानवत नाहीत, हे आम्ही जाणतो. नाटक म्हणजे करमणूक, कादंबरी म्हणजे कल्पित, आणि कल्पिताशी संशोधकाचा संबंध काय, असा आक्षेप येण्याचाही संभव आहे. तथापि एका प्रश्नाने आम्हांस गेले काही दिवस स्वस्थ बसू दिलेले नाही. राबून पोट भरणाऱ्या व मुले शिकविणाऱ्या स्त्रीचा इतिहास उद्या कोणी लिहावयास बसला, तर त्याने हाती कोणते साधन घ्यावे? जो कागद हवा तो बहुधा मिळत नाही. जे मिळते ते कादंबरीत आहे, आणि कादंबरीवरून केलेल्या नाटकात आहे. तेव्हा या दोहोंचा दर्जा ठरविणे हे संशोधकाचेच काम होय, रसिकावर सोपवून चालणार नाही. या दृष्टीने श्री. ना. पेंडसे यांचे ‘रथचक्र’, त्याची कादंबरी व तिचे नाट्यरूपांतर, येथे परीक्षणास घेतले आहे.

(२)

या विचारास निमित्त देवरूख येथे घडले. देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. तेथील एका जुन्या घरात काही कागद पाहावयास मिळतील, असे कळल्यावरून आम्ही गेलो होतो. घरच्या मंडळींनी मोठ्या आस्थेने खोतीचे रुमाल पुढे ठेविले. तांबड्या फडक्यात नीट बांधलेले, वाळवी लागू नये म्हणून माळ्यावरून उतरवून कपाटात ठेविलेले, असे ते दप्तर होते. वसुलाच्या याद्या, काही खंडाच्या पावत्या, एक वाटपपत्र. असा नेहमीचा माल. पाहून झाल्यावर, रुमालाखाली आधारास म्हणून घातलेली एक पुठ्ठ्याची वही आमच्या हाती आली. पहिली पाने गेलेली होती. राहिलेल्या पानांवर महिन्यामहिन्यांचा हिशेब होता. डाव्या बाजूस मुलांची नावे व त्यांची गावे, पुढे जेवलेल्या वेळा, सुटीत घरी गेला त्या दिवसांची वजावट, आणि तळाशी तेल, लाकूड, तांदूळ यांचा खर्च. मधूनमधून एखाद्या नावापुढे ‘बाकी’ असे लिहिलेले, आणि दोन ठिकाणी ती बाकी खोडून ‘सोडली’ असा शेरा. घरातील पूर्वीच्या एक बाई सन १९५० च्या सुमारास शाळकरी मुलांना जेवू घालीत, त्यांची ही वही, असा खुलासा मिळाला. अशा आणखी चार-पाच वह्या होत्या. त्या न्हाणीघराच्या चुलीत गेल्या.

बाईंचे नाव विचारले, तेव्हा घरातील दोघांनी दोन नावे सांगितली. एक माहेरचे निघाले, दुसरे सासरचे. वहीवर यांपैकी एकही नव्हते. सर्वजण त्यांना थोरल्या काकू म्हणत, एवढ्याविषयी मात्र एकमत होते. आम्ही वही मागताच यजमानांनी ती हसत दिली आणि म्हणाले, “न्या की. त्यात कसला आलाय इतिहास?” खोतीचे रुमाल मात्र पाहून झाल्याबरोबर पुन्हा बांधून आत गेले.

यजमानांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी जी निवड केली तीच आम्ही संशोधकांनी पिढ्यान्पिढ्या केली आहे, आणि माळ्यावर काय ठेवावे व चुलीत काय घालावे हे त्यांना आम्हीच शिकविले आहे.

(३)

आमच्या संग्रहांतील कागदांत स्त्रिया नाहीत असे नाही. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दांच्या आधाराने, म्हणजे अमुकाची पत्नी या नात्याने, त्या जागोजाग भेटतात. विधवेने दत्तक घेतला, भाऊबंदांशी तंटा पडला, इनाम चालवून घ्यावयाचे झाले, कर्ज काढावे लागले, की स्त्री कागदावर येते आणि तिचे नावही येते. मालमत्ता व भांडण ही तिच्या कागदावर येण्याची दोन दारे. तिसरेही एक दार होते, ते सांगताना संकोच वाटतो. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी व बटकी यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. त्यांत नाव, वय आणि किंमत असे सारे मिळते. म्हणजे राबणाऱ्या स्त्रीची नोंद कागदाने केली ती ती विकली गेली तेव्हा. जी विकली गेली नाही, परंतु पहाटेपासून दळण, कांडण, पाणी, शेण, लावणी आणि रांधप करीत आयुष्य संपवून गेली, तिच्याविषयी दप्तर बोलत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या बाबतीत हे मौन विशेष जाचते. येथील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, पेढ्यांवर व कचेऱ्यांत गेले. गावी स्त्रिया राहिल्या. शेते त्यांनी लाविली, म्हातारी माणसे त्यांनी सांभाळिली, मनिऑर्डरीची वाट त्यांनी पाहिली. जनगणनेच्या आकड्यांत या जिल्ह्यात पुरुषांहून स्त्रिया अधिक दिसतात, ते प्रमाण २०११ च्या गणनेपर्यंत टिकून होते. इकडे मुंबईत गिरणगावात, गावाहून एकट्याने आलेल्या कामगारांस जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांचा एक मोठा वर्गच निर्माण झाला. त्यांची संघटना, प्रेमा पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ, सन १९७५ मध्ये निघाली. त्यापूर्वीच्या कित्येक दशकांचा हिशेब कोठे आहे? तो अशाच वह्यांत होता.

स्त्रीच्या श्रमाचा एक स्वतःचा दस्तऐवज मात्र आहे, आणि तो म्हणजे जात्यावरची ओवी. दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी यांनी अशा ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. पुढे हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखभर ओव्या गोळा करविल्या. हा संग्रह अमोल होय. परंतु ओवीस तारीख नसते, आणि ती सर्वांची असल्यामुळे एकीची नसते. एका स्त्रीचे एक आयुष्य आरंभापासून अखेरपर्यंत पाहावयाचे, तर ओवी पुरत नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम मराठीत कादंबरीने केले.

(४)

विसाव्या शतकाच्या मध्यास मराठी कादंबरीत काम करणारी स्त्री दोन वाटांनी आली. पहिली वाट शिकलेल्या स्त्रीची. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकर यांनी सन १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह व १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहू पाहणाऱ्या तरुणींचे मन प्रथमच उघड केले. लेखिका कोण, यावरून जे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. दुसरी वाट न शिकलेल्या परंतु मुलांना शिकवू पाहणाऱ्या स्त्रीची. ‘रथचक्र’ या वाटेवरचे.

पेंडसे यांचा जन्म सन १९१३ मध्ये दापोली तालुक्यातील मुर्डी येथे झाला; नोकरीनिमित्त आयुष्य मुंबईत बेस्टच्या कचेरीत गेले; मृत्यू २००७ मध्ये. देवरूखाहून मुर्डी दूर असले तरी जिल्हा एक, माती एक आणि घराघरांतून मुंबईस लागलेली वाटही एकच. त्यांच्या कादंबऱ्यांत ‘हद्दपार’ १९५० ची, ‘गारंबीचा बापू’ १९५२ ची. ‘रथचक्र’ १९६२ मध्ये निघाली आणि १९६३ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक तिला मिळाले. कथानक थोडक्यात असे : कोकणातील एका मोठ्या एकत्र कुटुंबातील सून, नवरा घर सोडून निघून गेलेला, सासरी मान नाही, आधार नाही, मुलांना शिकविले पाहिजे या एकाच निश्चयाने ती त्या घरातून बाहेर पडते, मिळेल ते काम करते आणि मुले वाढविते. शेवट शोकान्त आहे. शीर्षकातील चक्र हे कर्णाच्या रथाचे. ऐन युद्धात जे भूमीने गिळले ते.

या कादंबरीचा आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा विशेष असा की नायिकेस नाव नाही. लेखक तिला आरंभापासून अखेरपर्यंत ‘ती’ एवढेच म्हणतो. पुष्कळ टीकाकारांस यात प्रतीक दिसले : ‘ती’ म्हणजे स्त्रीजात, ‘ती’ म्हणजे आई. हा अर्थ आम्हांस अमान्य नाही. परंतु ज्याने जुनी दप्तरे चाळली आहेत त्यास येथे प्रतीकापूर्वी वास्तव दिसते. कोकणातील एकत्र कुटुंबात सुनेस नावाने हाक मारीत तरी कोण? ती कोणाची वहिनी, कोणाची जाऊ, कोणाची काकू. लग्नात माहेरचे नाव गेले आणि सासरचे नाव तांदळांत लिहिले गेले तेवढेच. देवरूखच्या वहीवर नाव नाही ते याच कारणाने. पेंडसे यांनी नाव लपविले नाही. जे नव्हते ते घातले नाही, एवढेच. दप्तरातील मौन त्यांनी कादंबरीत जसेच्या तसे उतरविले, आणि त्या मौनाच्या पोटात काय आहे ते पाचशे तपशिलांनी भरून दाखविले. या अर्थी ‘रथचक्र’ ही कादंबरी कल्पित असूनही साधनाच्या जवळ जाते.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी सन १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढला आणि अस्सल पत्रापुढे बखरीची पायरी खालची हे महाराष्ट्रास पटविले. त्याच राजवाड्यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला, हे आम्ही सोयीस्कर विसरतो. अस्सल कागदाचा एवढा अभिमानी पुरुष कादंबरीचा विचार गंभीरपणे करितो, यातच आमच्या आक्षेपकांस उत्तर आहे.

(५)

आता नाटकाकडे वळू. पेंडसे यांनी आपल्या अनेक कादंबऱ्यांची नाटके स्वतःच केली. रूपांतरकार परका असता तर मूळ ग्रंथाशी त्याने दगा केला की निष्ठा राखिली, एवढ्यावरच चर्चा थांबली असती. येथे तो मार्ग बंद आहे. एकाच हाताने एकच विषय दोनदा लिहिला. दोन लेखांत जो फरक पडला तो हाताचा नसून माध्यमाचा होय. संशोधकास याहून सोयीची दोन पाठांची तुलना क्वचित मिळते.

प्रथम शीर्षके पाहावीत, कारण पाठभेदाचा विचार शीर्षकापासूनच सुरू करावा लागतो. ‘हद्दपार’चे नाटक झाले ते ‘राजेमास्तर’ या नावाने : घटना मागे गेली, व्यक्ती पुढे आली. दैनंदिनीच्या रूपाने लिहिलेल्या ‘लव्हाळी’चे नाटक झाले ते ‘संभूसांच्या चाळीत’ : रूपक गेले, जागा आली. रंगभूमीस माणूस हवा आणि माणसास उभे राहावयास जागा हवी. या दोन गरजा नावांतूनच दिसतात. ‘गारंबीचा बापू’स हे करावे लागले नाही, कारण तेथे माणूस आणि जागा दोन्ही शीर्षकातच होती. मात्र त्यात राधा नाही, हेही नमूद केले पाहिजे. ‘रथचक्र’चे नाव नाटकातही कायम राहिले. बदलावयाचे तर नायिकेचे नाव द्यावे लागले असते, आणि तेच नव्हते.

परंतु शीर्षक टिकले म्हणजे अनामिकपण टिकले, असे होत नाही. नाटकाच्या छापील प्रतीत आरंभी पात्रांची यादी द्यावी लागते. त्या यादीत ‘ती’ असे लिहिले तरी ते नावच होऊन बसते. त्याहून मोठी गोष्ट अशी की रंगमंचावर देह येतो. कादंबरीतील ‘ती’स चेहरा नाही, वाचक आपल्या आजीचा, काकूचा, शेजारणीचा चेहरा तिला देतो. नाटकात लालन सारंग यांच्यासारखी समर्थ नटी ती भूमिका घेऊन उभी राहते, आणि हजारो प्रेक्षकांच्या मनात तो एकच चेहरा कायमचा ठरतो. यास लाभ म्हणावे की हानी? आम्ही म्हणतो, दोन्ही. आणि त्याचा हिशेब निराळा मांडला पाहिजे.

हानीची कलमे तीन.

पहिले, श्रम. श्रमाचा स्वभाव पुनरावृत्तीचा. दळण एक दिवस केल्याने ते कष्ट होत नाहीत. ते रोज करावे लागते म्हणून कष्ट. कादंबरीस वर्षे खर्च करिता येतात. नाटकास अडीच-तीन तास मिळतात. रंगमंचावर नटी जात्याशी बसते, दोन फेरे देते, संवाद सुरू होतो आणि जाते थांबते. प्रेक्षकास खूण पटते, परंतु खूण पटणे म्हणजे ओझे जाणवणे नव्हे. देवरूखच्या वहीत एकच हिशेब पानोपान येतो, तो वाचताना कंटाळा येतो. तो कंटाळाच पुरावा आहे. कादंबरी हा कंटाळा थोडातरी सोसू शकते. नाटकाने तो सोसला तर प्रेक्षक उठून जाईल.

दुसरे, मौन. जिच्या आयुष्याचे सारे बळ न बोलण्यात गेले, तिला रंगमंचावर बोलावेच लागते. मनात जे कढ येतात ते कादंबरीकार आपल्या निवेदनात सांगतो. नाटककारास ते तिच्या तोंडी घालणे भाग पडते, किंवा दुसऱ्या कोणास तिच्याविषयी बोलावयास लावावे लागते. पहिल्या उपायाने सोशीक स्त्री वाक्पटू होते, दुसऱ्याने शेजारीपाजारी नको तितके जाणते होतात. यास नाटककाराचे कौशल्य कारण नाही. तो रंगभूमीचा नियम आहे.

तिसरे, बोली. कोकणाची बोली एक नाही. दापोलीकडची निराळी, संगमेश्वरी निराळी, मालवणी निराळी. सन १९८० मध्ये आलेल्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाने मालवणीस मराठी रंगभूमीवर मानाचे पान मिळवून दिले, हे खरे; परंतु तेव्हापासून कोकणचा माणूस बोलू लागला की हसावयाचे, अशी एक सवयही प्रेक्षकांस जडली. कोकणातील शोकान्त नाटक पुन्हा उभे करणाऱ्या मंडळींनी याचे भान ठेविले पाहिजे. देवरूखच्या प्रेक्षकास बोलीचा खोटा सूर ताबडतोब कळतो. मुंबईच्या प्रेक्षकास तो कळत नाही, म्हणून तो खरा होत नाही.

(६)

आता लाभाचे कलम. ते एकच आहे, परंतु वजनदार.

मराठी रंगभूमीवर दीर्घकाळ स्त्री नव्हती. संगीत नाटकांतील नायिका पुरुष नट साकारीत. आमच्या संगमेश्वर-रत्नागिरीकडील नमन-खेळ्यांतही गौळणी पुरुषच होत. सन १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात कुलीन म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रिया रंगमंचावर आल्या, तेव्हा काय गहजब झाला ते जुन्या वृत्तपत्रांच्या फाइलींत पाहावयास मिळते. १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकर यांच्या ‘कुलवधू’ची नायिका सिनेमात काम करणारी स्त्री होती, आणि ती भूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी केली. म्हणजे आमच्या कौटुंबिक नाटकात काम करून मिळविणारी स्त्री प्रथम ठळकपणे दिसली, ती नटीच्या रूपाने. आणि ते रूप घेणारीही त्याच कामावर आलेली नटीच होती.

हे ध्यानात घेतले म्हणजे ‘रथचक्र’च्या प्रयोगाचे मोल कळते. रंगमंचावरील ‘ती’ राबते तेव्हा ती साकारणारी नटीही राबत असते. दौऱ्याच्या गाडीत रात्र काढावयाची, सकाळी नव्या गावी उतरावयाचे, दुपारी एक प्रयोग, रात्री दुसरा, आणि घरी मुले कोणाच्यातरी स्वाधीन. प्रेक्षकांत बसलेली शिक्षिका, परिचारिका, पोस्टातली बाई, घरी चार डबे करून देणारी विधवा यांना हे शब्दांवाचून कळते. कादंबरी एकटीने वाचावयाची असते. नाटक इतरांच्या शेजारी बसून पाहावयाचे असते. जे दुःख घराची अब्रू म्हणून भिंतीआड राहिले, ते तीनशे माणसांसमक्ष बोलले गेले आणि कोणी उठून गेले नाही, यात एक सार्वजनिक कबुली आहे. अशी कबुली कागद देऊ शकत नाही, कादंबरीही देऊ शकत नाही.

देवरूखात या गोष्टीस विशेष अर्थ आहे. सन १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे यांनी, ज्यांस सारा तालुका मावशी म्हणून ओळखीत असे, येथे मातृमंदिर ही संस्था काढली. प्रसूतिगृहापासून आरंभ करून रुग्णसेवा व अनाथांचा सांभाळ येथवर तिचा विस्तार झाला. कादंबरीतील ‘ती’ कल्पित, मावशी खऱ्या. परंतु मावशींचे नावही नात्याचेच नाव झाले, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. फरक इतकाच की ‘ती’चे नाते घराने तिच्यावर लादिले होते, आणि मावशींनी आपले नाते स्वतः निवडले.

(७)

मग दर्जा कोणता ठरवावा? आमच्या शास्त्रातील परिचित उपमा घेतो. देवरूखची वही हा अस्सल कागद. तिच्यात शोक नाही, अलंकार नाही, लेखकाचे मत नाही. ‘सोडली’ या एका शब्दात जेवढे मन दिसते तेवढेच. कादंबरी ही बखर. बखरीत काळाचा क्रम सैल असतो, संवाद रचलेले असतात, परंतु जाणत्या बखरकाराच्या हाती त्या काळाची चाल व माणसांचे स्वभाव खरे उतरतात. नाटक हा पोवाडा. पोवाड्याकडे तारीख मागू नये. तो चव्हाट्यावर गावयाचा असतो, ऐकणाऱ्यांस एकत्र आणावयाचा असतो, आणि जे विस्मरणात जाणार त्यास आवाज द्यावयाचा असतो. ॲकवर्थ व शाळिग्राम यांनी सन १८९१ मध्ये काढलेल्या संग्रहाच्या नावातच इतिहासप्रसिद्ध पुरुषांबरोबर स्त्रियांचाही उल्लेख आहे. ज्या स्त्रिया इतिहासप्रसिद्ध नव्हत्या त्यांचा पोवाडा रचावयास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली.

याप्रमाणे पाहता, ‘रथचक्र’ नाटकाने कादंबरीची बरोबरी करावी ही अपेक्षाच चुकीची ठरते. श्रमाची खोली कादंबरीत शोधावी. श्रमाची कबुली नाटकात. आणि श्रमाचा पुरावा या दोहोंत न शोधता वहीत शोधावा. आमचा दोष असा की आम्ही पोवाड्यास अस्सल कागदाच्या कसोटीवर घासून खोटे म्हटले, बखरीस करमणूक म्हटले, आणि जो अस्सल कागद होता तो रुमालाखाली आधारास घातला.

(८)

शेवटी संग्राहकांस एक विनंती.

नाटकाचे कागद हेही हस्तलिखितेच आहेत आणि ते झपाट्याने नष्ट होत आहेत. जुन्या मंडळ्यांत प्रत्येक नटास त्याच्यापुरता भाग उतरवून देत, त्यास ‘नक्कल’ म्हणत. अस्सल व नक्कल यांचा भेद करण्यात आयुष्य घालविलेल्या आम्हांस या शब्दाचे कौतुक वाटावे. कारण येथे नक्कल हीच अस्सल आहे. छापील नाटकात जे नाही ते नकलेत सापडते : दौऱ्यात गाळलेले संवाद, एखाद्या गावी वाढविलेले वाक्य, नटीने समासात केलेली खूण. पार्श्वसूचकाची प्रत, महाराष्ट्र राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या शिक्क्याची प्रत, हस्तपत्रके, गावोगावच्या नाट्यमंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या, हे सारे जमविण्याजोगे आहे. ‘रथचक्र’सारख्या रूपांतराचा खरा अभ्यास छापील कादंबरी व छापील नाटक समोर ठेवून पुरा होणार नाही, मधल्या या कागदांवाचून तो अर्धाच राहील.

त्याहून निकडीची गोष्ट त्या दुसऱ्या वह्यांची. खाणावळीचे हिशेब, सुईणींच्या व परिचारिकांच्या नोंदी, शिवणकामाची मापे, भिशीची खाती, मनिऑर्डरीच्या पावत्या, मुंबईहून आलेली आणि मुंबईस गेलेली कार्डे. हे कागद ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते चुलीपासून व रद्दीवाल्यापासून वाचवावेत. वहीवर नाव नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांस विचारून ते आजच लिहून ठेवावे, आणि दोन नावे निघाली तर दोन्ही लिहावीत.

देवरूखची वही आम्ही स्वच्छ करून, पानांवर अंक घालून, कोऱ्या कागदाच्या वेष्टनात ठेविली आहे. नोंदवहीत ती दाखल करिताना कर्त्याच्या रकान्यात काय लिहावे, असा प्रश्न पडला. तेथे ‘अज्ञात’ लिहिण्याची रीत आहे. ती आम्ही या वेळी मोडली आणि माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे लिहिली.